वाळीत टाकलेल्या माणसाचा देव कोणता?

कर्जतहून आणि नेरळहून निघालेले दोन रस्ते कशेळ्याला एकमेकांना भेटतात. भीमाशंकरला पायी जाण्यासाठी खांडसची वाट धरणारे आणि पेठचा कोथळीगड चढायला आंबिवलीला जाणारे मुंबईकर येथे चहा घेतात आणि पुढच्या एस. टी.ची वाट पाहात बसतात. दसरा उलटून गेला होता, भाताची खाचरे पिवळी पडली होती आणि मीही असाच एका बाकड्यावर बसलो होतो. शेजारी स्वच्छ सदरा-लेंगा घातलेले एक वृद्ध गृहस्थ वर्तमानपत्र वाचीत होते. येणारा-जाणारा त्यांना "गुरुजी, रामराम" करीत होता, म्हणून मीही मनात त्यांना गुरुजीच म्हणू लागलो.

वर्तमानपत्राची घडी घालून ते आपण होऊनच म्हणाले, "पुन्हा कुणाला तरी वाळीत टाकलंय. वाचलीत बातमी?"

मी म्हटले, "हे अजून चालतं?"

शहरात राहणाऱ्या माणसाने खेड्यातल्या माणसाला विचारू नये असा हा प्रश्न होता. गुरुजी हसले. "मला विचारताय? मी चार वर्षं वाळीत होतो. तेव्हा तिसरीत होतो म्हणा."

गाडीला अवकाश होता. गुरुजींनी जे सांगितले ते शक्य तितके त्यांच्याच शब्दांत देतो. गावाचे नाव मात्र देत नाही. ते कशेळ्यापासून दोन-अडीच कोस आत आहे एवढे पुरे. ज्यांनी वाळीत टाकले त्यांची नातवंडे आज तेथेच राहतात आणि त्यांचा यात काही अपराध नाही.

"सत्तावन्न सालची गोष्ट. गावात देवीचं देऊळ, सगळी वस्ती एकाच जातीची. देवळावर नवी कौलं घालायची म्हणून वर्गणी झाली. कौलं काही आली नाहीत. वडिलांनी बैठकीत हिशेब विचारला. पंचांनी देवीवर अविश्वास दाखवला असं ठरवून एकावन्न रुपये दंड केला. वडील म्हणाले, आधी हिशेब, मग दंड. झालं! दुसऱ्या दिवसापासून आमच्याशी बोलायचं नाही, विस्तव द्यायचा नाही, न्हाव्यानं आमच्या दारात यायचं नाही. शिमग्याला आमचा नारळ होळीत घेतला नाही. आणि सगळ्यांत वाईट काय, तर वर्गणीसुद्धा घेईनात. लोकांना वाटतं वर्गणी मागतात तो जाच. अहो, मागत नाहीत तो खरा जाच!"

त्यांच्या धाकट्या भावाला त्याआधी देवी आल्या होत्या. तो वाचला तर खण-नारळाने ओटी भरीन असा आईने नवस केला होता. पोर वाचले. ओटी घेऊन माउली देवळाच्या पायरीशी गेली, तर पुजाऱ्याने हात पुढे केला नाही. तीन वेळा गेली, तिन्ही वेळा परत आली. साठ सालच्या पावसाळ्यात ती तापाने गेली. खांदा द्यायला घरचे दोघे आणि पलीकडच्या वाडीवरचे दोन कातकरी. गावातले एकही दार उघडले नाही.

"शेवटी एकसष्टच्या शिमग्याला वडिलांनी दंड भरला, वर गावजेवण घातलं. आईची ओटी मी भरली. पण ती नोकरी लागल्यावर."

एवढ्यात खांडसची गाडी आली. गडबडीत मी त्यांचा फोन नंबर मात्र मागून घेतला.

घरी परतल्यावर एक गोष्ट माझ्या मनातून जाईना. आपण धर्मस्वातंत्र्याची चर्चा करतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर सरकार असते. सरकारने देवळे पाडली, प्रार्थना बंद केल्या, कुणाला धर्म बदलू दिला नाही, असे काहीतरी. पण त्या माउलीला ओटी भरू न देणारे सरकार नव्हते. तिच्याच धर्माची, तिच्याच जातीची, तिच्याच देवीची लेकरे होती. अशा वेळी धर्मस्वातंत्र्य कुणाचे? तिचे की तिला पायरीवरून परत पाठवणाऱ्यांचे? जुनी कायद्याची पुस्तके उघडली तेव्हा ध्यानात आले, की याच प्रश्नाने मुंबई इलाख्यातल्या कोर्टांना जवळजवळ दोनशे वर्षे छळले आहे.

चहाचे एक प्रकरण

इंग्रजांनी यातून प्रथम अंगच काढून घेतले होते. 1827 च्या मुंबई रेग्युलेशनने सांगून टाकले, की जातीच्या प्रश्नात दिवाणी कोर्टाने पडू नये. फार तर जात आणि अब्रू यांना बेकायदा धक्का लागला असेल तर नुकसानभरपाईचा दावा ऐकावा. पुढे 1850 च्या कायद्याने जात गेली किंवा धर्म बदलला म्हणून वडिलोपार्जित मिळकतीवरचा हक्क जाऊ नये अशी तरतूद केली. शेतीवाडी वाचली. जेवणाची पंगत, भटजी, न्हावी, स्मशान हे सारे मात्र जातीच्याच हाती राहिले.

या सत्तेपुढे थोरामोठ्यांचेही काही चालत नसे. 14 ऑक्टोबर 1890 रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही मंडळी व्याख्यानाला गेली. पुढे चहा आणि बिस्किटे आली. कुणी घेतली, कुणी नुसता पेला हातात धरला. गोपाळराव जोशी (आनंदीबाई जोशी यांचे पती) यांनी हजर असलेल्यांची यादी वर्तमानपत्रात छापून दिली, आणि पुण्यात जे ग्रामण्य माजले ते शंकराचार्यांपर्यंत गेले. चौकशीला शास्त्री नेमले गेले. आरोपींमध्ये न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही होते! टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगून तसा दाखला पुढे केला. रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि सुधारक मंडळींचा रोष ओढवून घेतला. एक पेलाभर चहा तो काय! पण ज्याच्या घरी मुंज किंवा लग्न निघाले आहे त्याला भटजी मिळेनासा झाला म्हणजे त्या चहाची खरी किंमत समजते. पुढे तीनच वर्षांनी, 1893 मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला आणि मुरूडच्या गावकऱ्यांच्या बहिष्काराला तोंड दिले. आज आपण त्यांना महर्षी म्हणतो.

स्वातंत्र्यानंतर मात्र मुंबई राज्याने धीट पाऊल टाकले. बाळासाहेब खेरांच्या कारकिर्दीत 1949 मध्ये बहिष्कार प्रतिबंधक कायदा झाला. कोणत्याही जातीने वा धर्मपंथाने आपल्या माणसाला बाहेर काढून त्याचे हक्क हिरावून घेतले तर ते काढणे रद्दबातल. आणि काढणाऱ्यांना एक हजार रुपयांपर्यंत दंड. हक्क म्हणजे ज्यासाठी दिवाणी दावा लावता येतो असे हक्क. त्यांत देवस्थानात पूजा करण्याचा, दहनाचा आणि दफनाचा हक्क मुद्दाम घातलेला होता.

हे वाचताना मी थबकलो. 1949 चा कायदा. गुरुजींच्या घराला वाळीत टाकले 1957 मध्ये. म्हणजे ती माउली खण-नारळ घेऊन पायरीवर उभी होती तेव्हा तिच्या बाजूचा कायदा पुस्तकात होता. तालुक्याच्या गावी कोर्टही होते. गावाला याची गंधवार्ता नव्हती, आणि असती तरी विस्तव बंद झालेल्या घराने साक्षीदार कोठून आणायचा?

सैयदना साहेबांचा खटला

हा कायदा पुरता तेरा वर्षेही टिकला नाही, आणि तो मोडला तो कुठल्या गावकीने नव्हे. दाऊदी बोहरा जमात ही मुंबईतली व्यापारी, शिस्तीची आणि आपल्या धर्मगुरूंवर, म्हणजे दाई उल मुतलक यांच्यावर, अढळ निष्ठा असलेली जमात. दाईंना जमातीबाहेर काढण्याचा अधिकार आहे, मात्र तो रीत पाळून वापरला पाहिजे, असे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने 1947 मध्ये बऱ्हाणपूरच्या एका खटल्यात मान्य केले होते. नवा कायदा त्या अधिकारावरच घाव घालीत होता. मुंबई हायकोर्टात मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्यापुढे कायदा टिकला. तेव्हा 51 वे दाई सैयदना ताहेर सैफुद्दीन सर्वोच्च न्यायालयात गेले.

9 जानेवारी 1962 रोजी निकाल लागला. पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी कायदा घटनाबाह्य ठरवला. घटनेच्या 26 व्या कलमाने प्रत्येक धर्मपंथाला आपला धार्मिक कारभार आपण पाहण्याचा हक्क दिला आहे. श्रद्धेच्या मुळाशीच नकार देणाऱ्याला बाहेर काढणे हा त्या कारभाराचाच भाग आहे, असे त्यांचे म्हणणे. न्यायमूर्ती अय्यंगार यांनी स्वतंत्र निकालपत्रात म्हटले, की समाजसुधारणेच्या नावाखाली धर्माचे अस्तित्वच पुसून टाकण्याची मुभा घटनेने सरकारला दिलेली नाही.

हा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. लहान जमातीचा विचार करा. तिच्यापाशी फौज नाही, सरकार नाही. एक श्रद्धा आणि एक शिस्त एवढेच तिचे भांडवल. ती श्रद्धा ज्यांना मान्य नाही त्यांनाही तिने पंगतीत, मतदानात आणि मालमत्तेत बरोबरीचे धरलेच पाहिजे असा हुकूम सरकारने काढला तर दोन पिढ्यांत जमात उरायची नाही.

पण विरोधी निकाल देणारे पाचवे न्यायमूर्ती स्वतः सरन्यायाधीश होते: भुवनेश्वर प्रसाद सिन्हा. ते म्हणाले, की बाहेर काढलेला माणूस अस्पृश्यासारखाच होतो, आणि अस्पृश्यता तर घटनेने गाडली आहे. माणसाला माणूस म्हणून जगू देणे हा धर्मात हस्तक्षेप नव्हे. माझ्या अल्प बुद्धीला विचाराल तर सरन्यायाधीश एकटे होते, पण बरोबर होते. निदान ते ज्या माणसाकडे पाहात होते त्याच्याकडे बाकी चौघांनी पुरेसे पाहिले नाही. जमातीबाहेर काढलेल्या बोहऱ्याला बायको, भाऊ, गिऱ्हाईक आणि कबरस्तान यांच्यापासून एका दिवसात तोडले जाते. श्रद्धेवरून मतभेद असेल. पण कबरेची साडेतीन हात जागा हा श्रद्धेचा प्रश्न आहे काय?

जमातीतल्या सुधारकांनी 1986 मध्ये फेरविचाराचा अर्ज केला. तो 2004 मध्ये मोठ्या पीठापुढे गेला, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो शबरीमलाच्या प्रश्नांबरोबर नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला. ज्यांनी अर्ज केला त्यांतले कित्येक एव्हाना कोर्टाच्या पायऱ्या चढण्यापलीकडे गेले असतील.

सातासमुद्रापलीकडे

हे आपल्याकडचेच मागासलेपण, असे समजून मान खाली घालण्याचे कारण नाही. कॅनडातल्या कॅलगरी शहरात घरजमिनींचा व्यवहार करणारा एक दलाल होता. "यहोवाचे साक्षीदार" या ख्रिस्ती पंथाचा तो सभासद. दारू पिऊन गैरवर्तन केल्याबद्दल 2014 मध्ये मंडळीने त्याला बाहेर काढले. या पंथात बाहेर काढलेल्याशी बोलणेही वर्ज्य. त्याची निम्मी गिऱ्हाइके याच पंथाची, ती गेली. तो कोर्टात गेला, आणि 2018 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले, की हा ज्या त्या मंडळीचा घरचा मामला. यात कोर्टाने पडण्याजोगा कोणताही कायदेशीर हक्क बुडालेला नाही. दोनशे वर्षांपूर्वीचे आपले मुंबई रेग्युलेशनच जणू बर्फाळ मुलुखात जाऊन पोहोचले!

त्याच न्यायालयाने 1992 मध्ये मात्र वेगळा सूर लावला होता. मॅनिटोबात हटराइट नावाच्या पंथाचे लोक एकत्र कुटुंबासारखे राहतात. शेती, जनावरे, पैसा सारे सामाईक. तेथे डुकरांना खाद्य घालण्याच्या एका यंत्राच्या पेटंटवरून भांडण पेटले आणि एका सभासदाला वसाहतीतून काढण्यात आले. कोर्ट म्हणाले, तुम्ही काढू शकता, पण आधी नीट नोटीस द्या, त्याचे म्हणणे ऐका. राहते घर आणि आयुष्यभराची कमाई जाते आहे. अमेरिकेत ओक्लाहोमाच्या कोर्टाने 1989 मध्ये आणखी एक रेघ ओढली. सभासद असेपर्यंत मंडळीची शिस्त. पण एका बाईने राजीनामा दिल्यावरही वडीलधाऱ्यांनी तिची खाजगी गोष्ट सभेत चघळली, त्याला धर्मस्वातंत्र्याचे कवच मिळायचे नाही. नॉर्वेत तर सरकारने 2022 मध्ये याच साक्षीदार-पंथाची नोंदणी काढून घेतली, कारण पंथ सोडणाऱ्यांना, विशेषतः मुलांना, तोडून टाकण्याची रीत. 2024 मध्ये ऑस्लोच्या कोर्टाने सरकारची बाजू धरली, 2025 मध्ये वरच्या कोर्टाने पंथाची.

थोडक्यात, पुढारलेल्या देशांतही घोडे तेथेच अडले आहे. फरक एवढाच की कॅलगरीतला मनुष्य दुसऱ्या गल्लीत जाऊन नवी गिऱ्हाइके शोधू शकतो. आमच्या गुरुजींच्या वडिलांना दुसरी विहीर नव्हती.

गाव म्हणजे पंथ नव्हे

आता रायगड जिल्ह्याकडे परत येऊ. 2013-14 च्या सुमारास या जिल्ह्यातल्या वाळीत प्रकरणांनी वर्तमानपत्रांचे रकाने भरले. कुणी निवडणुकीला उभा राहिला म्हणून, कुणी देवस्थानाचा हिशेब मागितला म्हणून, कुणी जमिनीच्या वादात गावकीचा निवाडा मानला नाही म्हणून. दक्षिणेकडच्या तालुक्यांत शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते. तीही वाळीत घराचे अंगण टाळून पुढे जायची. प्रकरणे मुंबई हायकोर्टापर्यंत गेली. पोलिसांपुढे अडचण अशी, की अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा जातीजातींमधल्या बहिष्काराला लागतो. एकाच जातीतल्या भावकीने भावकीला टाकले तर कोणते कलम लावायचे? दंडविधानातली इकडची तिकडची कलमे जुळवून खटले भरावे लागत. त्याच सुमारास, 2013 मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने नाशिकमधून जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध मोहीम उघडली. ऑगस्टमध्ये दाभोलकरांचा खून झाला. मोहीम थांबली नाही.

एप्रिल 2016 मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा मंजूर केला. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर 3 जुलै 2017 पासून तो अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बहिष्कार घालणारा गुन्हेगार, आणि त्याला चिथावणी देणाराही. लग्न, अंत्यविधी, देवपूजा यांत अडथळा आणणे, स्मशान, सभागृह, शाळा, दवाखाना यांना मज्जाव करणे, व्यवहार तोडायला लावणे, अमुकच कपडे घाला म्हणून सक्ती करणे, हे सारे त्यात आले. बैठकीत बहिष्काराचा ठराव होणार अशी कुणकुण लागली तर जिल्हाधिकारी ती बैठकच मनाई करू शकतात.

1962 चा निकाल डोक्यावर असताना हा कायदा टिकेल काय? गावकीपुरते विचाराल तर मला शंका वाटत नाही. 26 वे कलम धर्मपंथाला अधिकार देते. ज्याची म्हणून वेगळी श्रद्धा आहे, वेगळी घडण आहे, त्याला. गाव हा पंथ नव्हे. गुरुजींच्या वडिलांनी देवी नाकारली नव्हती. त्यांनी कौलांचा हिशेब विचारला होता. कौलांचा हिशेब हा कोणत्याही धर्माचा गाभा असू शकत नाही. दाऊदी बोहऱ्यांचे कोडे अवघड आहे, कारण तेथे काढणारे म्हणतात की वाद श्रद्धेचा आहे. गावकीत तसा दावासुद्धा कुणी करीत नाही. देवाचे नाव फक्त दंडाच्या पावतीपुरते घेतात. ती पावतीही बहुधा मिळत नाही!

उरते ते कायद्याच्या हाताबाहेरचे. हिंदू देवळाचे दार कोणत्याही हिंदूला बंद करता येणार नाही, असा कायदा 1956 पासूनच आहे. कोर्ट दार उघडून देईल. पण ओटी घेणाऱ्या पुजाऱ्याने मान वळवली, पालखी अंगणात न थांबता पुढे गेली, शेजारणीने हळदीकुंवाला बोलावले नाही, तर फिर्याद कसली द्यायची? "त्या दिवशी मी घाईत होते," एवढे तिने सांगितले की संपले. आणि साक्ष कोण देणार? जो साक्ष देईल त्याची पाळी पुढच्या शिमग्याला. म्हणूनच गुन्हे नोंदले जातात त्याहून अधिक प्रकरणे दंड भरून, गावजेवण घालून मिटतात.

हा लेख छापायला पाठवण्याआधी मी गुरुजींना फोन केला. तुमच्या वडिलांच्या वेळी कायदा होता, तो 1962 च्या जानेवारीत रद्द झाला, म्हणजे तुमच्या घराने दंड भरला तेव्हाही तो जिवंत होता, असे सगळे सविस्तर सांगितले. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटले रेंज गेली.

मग त्यांनी विचारले, "पंचांना दंड किती झाला असता म्हणालात?"

"हजार रुपयांपर्यंत."

"आणि आमच्याकडून एकावन्न घेतले," गुरुजी म्हणाले. "आई पायरीवर किती वेळ उभी राहायची, ते माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे." मग जरा थांबून म्हणाले, की कापणीला माणसे आली आहेत, त्यांच्या न्याहारीचे बघायला हवे, आणि त्यांनी फोन ठेवला.